जर्मन लष्करी बॅजवरचा 'मेकर्स मार्क': शिक्का जुळला, तरी बॅज नकली कसा असू शकतो?

सोन्याची चेन किंवा अंगठी घेताना आता बरेच जण दागिन्यावरचा सहा अक्षरी बारीक कोड भिंगातून वाचतात, मोबाइलवर 'बीआयएस केअर' अॅप उघडतात आणि तो कोड त्यात टाकतात. दागिना कोणत्या ज्वेलरचा, कोणत्या केंद्रात तपासला गेला, शुद्धता किती, हे काही सेकंदांत समोर येतं. १ एप्रिल २०२३ पासून हा एचयूआयडी कोड नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. नवी मुंबईत महापे इथे सुमारे २१ एकरांवर इंडिया ज्वेलरी पार्कचा प्रकल्प आखला गेला आहे. तिथे घडून देशातल्या दुकानांत येणाऱ्या सोन्याच्या दागिन्यांनाही हाच नियम लागू असेल.

थोडक्यात, धातूवर शिक्का दिसला की माल खरा, ही सवय आपल्याला लागली आहे. हीच सवय एका वेगळ्या बाजारात महागात पडू शकते.

फेसबुक ग्रुप, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर जुन्या वस्तू विकणाऱ्यांच्या पोस्ट पाहिल्या, तर मधूनच एखादा जर्मन 'आयर्न क्रॉस' किंवा पाणबुडी दलाचा बॅज दिसतो. फोटो नेमका मागच्या बाजूचा असतो. तिथल्या 'एल/१२' सारख्या शिक्क्यावर झूम केलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'ओरिजिनल, मेकर्स मार्क आहे'. घेणारा गूगलवर तो कोड शोधतो, कंपनीचं नाव सापडतं आणि त्याची खात्री पटते.

पण या शिक्क्यामागे 'बीआयएस केअर'सारखं कोणतंही अॅप नाही. मग हा शिक्का नक्की काय सांगतो आणि काय सांगत नाही?

मेकर्स मार्क म्हणजे काय?

बॅज किंवा पदक ज्या कारखान्यात तयार झालं, त्या कारखान्याची खूण म्हणजे मेकर्स मार्क. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनी आणि ऑस्ट्रियात अनेक खासगी कारखाने लष्करी पदकं बनवत होते. सुरुवातीला काही कारखाने बॅजच्या मागे आपलं पूर्ण नाव किंवा पत्ताच टाकत. बर्लिनच्या सी. ई. युंकर या कंपनीच्या काही बॅजवर नावासोबत शहराचा विभागही वाचायला मिळतो.

१९४१ च्या सुमारास पदक बनवणाऱ्यांच्या अधिकृत संघटनेने परवानाधारक कारखान्यांना 'एल/' ने सुरू होणारे क्रमांक दिले. हे क्रमांक प्रामुख्याने दुकानातून विकल्या जाणाऱ्या पदकांसाठी होते. सैनिकाला एक पदक सरकारकडून मिळत असे. गणवेशावर घालायला जास्तीची प्रत हवी असेल, तर ती तो परवानगी असलेल्या दुकानातून विकत घेऊ शकत असे. सरकारी पुरवठ्यासाठी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने दिलेले साधे आकडे वेगळे होते.

त्यामुळे एकाच कारखान्याच्या दोन खुणा दिसू शकतात. युंकरचा दुकानविक्रीचा क्रमांक एल/१२ आणि सरकारी पुरवठ्याचा क्रमांक २. व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूव्हालचा एल/५८ आणि ९८. म्युनिकच्या डेश्लरचा एल/१० आणि १. या याद्या आज पुस्तकांत आणि इंटरनेटवर सहज मिळतात.

खरी अडचण तिथेच आहे. यादी जशी घेणाऱ्याला मिळते, तशीच ती नकली माल बनवणाऱ्यालाही मिळते.

आधी '१९३९' चा गोंधळ

आयर्न क्रॉसच्या पुढच्या बाजूला '१९३९' असतं. अनेक पोस्टमध्ये ते तयार झाल्याचं वर्ष म्हणून सांगितलं जातं. तसं नाही. १ सप्टेंबर १९३९ ला हे पदक पुन्हा सुरू करण्यात आलं, म्हणून पुढे युद्धभर तयार झालेल्या प्रत्येक क्रॉसवर '१९३९' हाच आकडा आला. दुसऱ्या श्रेणीच्या क्रॉसच्या मागे '१८१३' असतं. हे पदक पहिल्यांदा सुरू झालं ते वर्ष. म्हणजे मागचा आकडा पाहून कुणी 'दोनशे वर्षं जुना' म्हणत असेल, तर तेही चूक. पहिल्या महायुद्धातल्या क्रॉसवर '१९१४' असतं.

इथेच शिक्का उपयोगी पडतो. 'आजोबांच्या मित्राला १९४० मध्ये मिळालेला क्रॉस' अशी गोष्ट सांगितली जात असेल आणि मागे 'एल/' चा क्रमांक असेल, तर दोन्ही जुळत नाहीत, कारण ते क्रमांक नंतरचे आहेत. शिक्का गोष्ट खोटी पाडू शकतो. गोष्ट खरी असल्याचं मात्र तो एकटा सिद्ध करू शकत नाही.

शिक्का कोणत्या चार प्रकारे फसवतो?

एक, ओतीव नक्कल. खऱ्या बॅजवरून साचा घेतात आणि त्यात धातू ओततात. खऱ्या बॅजवर शिक्का असेल, तर तो साच्यातही उतरतो आणि नकलेवरही. म्हणजे शिक्का अगदी 'बरोबर' असतो, फक्त वस्तू नवी असते. पण ओतकामाच्या काही खुणा मागे राहतात. अक्षरांच्या कडा बोथट होतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे किंवा बुडबुडे दिसतात. गरम धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नक्कल मूळ बॅजपेक्षा किंचित लहान भरते.

दोन, नंतर मारलेला शिक्का. बरेच खरे बॅज शिक्क्याविना तयार झाले होते. शिक्का असला की किंमत वाढते, म्हणून नंतर कुणीतरी पंच ठोकतो किंवा लेझरने कोरतो. लेझर मार्किंगची मशिन आज औद्योगिक वसाहतींमध्ये सर्रास वापरली जातात. यात कधी बॅज खरा आणि शिक्का खोटा, तर कधी दोन्ही खोटे असतात.

तीन, चुकीची जोडी. कोड खऱ्या कंपनीचा असतो, पण त्या कंपनीने तो बॅज कधी बनवलाच नव्हता, किंवा तिच्या बॅजची पिन आणि बिजागरी वेगळ्या पद्धतीची होती. बनावट माल करणारा यादीतून एक क्रमांक उचलतो. त्या कंपनीची काम करण्याची पद्धत त्याला माहीत असतेच असं नाही.

चार, खऱ्या कारखान्याचाच नंतरचा माल. सर्वांत अवघड प्रकार हाच. युद्ध संपलं म्हणून सगळे कारखाने बंद पडले नाहीत. काहींकडे जुने डाय, जुने सुटे भाग आणि तेच कारागीर होते. पश्चिम जर्मनीने १९५७ मध्ये कायदा करून युद्धातली पदकं स्वस्तिक काढलेल्या रूपात घालायला परवानगी दिली आणि कारखान्यांनी अधिकृतपणे नवी पदकं बनवली. त्याखेरीज संग्राहकांसाठी जुन्या रूपातल्या प्रतीही निघाल्या. अशा प्रतीवर कंपनीचा शिक्का असतो, तो खोटाही नसतो. खोटं असतं ते विकणाऱ्याने सांगितलेलं वय.

नेताजी, व्हिएन्ना आणि आझाद हिंदची पदकं

या चौथ्या प्रकाराचं एक उदाहरण थेट भारताच्या इतिहासाशी जोडलेलं आहे.

सुभाषचंद्र बोस यांनी नोव्हेंबर १९४१ मध्ये बर्लिनला 'फ्री इंडिया सेंटर' सुरू केलं. उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांच्या बाजूने लढताना पकडले गेलेले भारतीय सैनिक जर्मनी आणि इटलीच्या छावण्यांत होते. त्यांच्यातून 'इंडियन लिजन' उभी राहिली. तिच्या सैनिकांच्या बाहीवर झेप घेणारा वाघ आणि 'फ्राइस इंडियन', म्हणजे स्वतंत्र भारत, अशी अक्षरं होती.

नेताजींनी १९४२ मध्ये या सैनिकांसाठी स्वतंत्र पदकंही सुरू केली. शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत अशी त्यांची नावं. ही पदकं बनवण्याचं काम मिळालं व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूव्हाल कंपनीला, म्हणजे वर ज्याचा एल/५८ हा क्रमांक आला, त्याच कारखान्याला.

सूव्हालने युद्धानंतरही धंदा सुरू ठेवला आणि संग्राहकांसाठी जुन्या पदकांच्या प्रती बनवल्या. त्यात आझाद हिंदची पदकंही होती. कारखाना तोच, डाय तेच. त्यामुळे आज बाजारात एखादं 'वीर-ए-हिंद' आलं, तर 'सूव्हालने बनवलंय' हे विधान खरं असूनही प्रश्न सुटत नाही. ते १९४३ मध्ये एखाद्या भारतीय सैनिकाला मिळालेलं असू शकतं किंवा कित्येक वर्षांनी कुणा युरोपीय संग्राहकासाठी ठोकलेलं असू शकतं.

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न फार लांबचा नाही. २१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं, तेव्हा तिथल्या सैन्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियनही होती. घरातले आजोबा किंवा पणजोबा युरोपात युद्धकैदी होते, असं सांगणारी कुटुंबं सातारा, कोल्हापूर आणि कोकणात भेटू शकतात. त्यामुळे अशी वस्तू एखाद्या मराठी घरातून निघणं अशक्य नाही, आणि अशा घराच्या नावाने नकली वस्तू विकणंही सोपं आहे.

इथे धातूपेक्षा तारखा लवकर उत्तर देतात. समजा, 'हे पदक नेताजींनी १९४४ मध्ये जर्मनीत स्वतःच्या हाताने लावलं' असं कुणी सांगितलं. नेताजी फेब्रुवारी १९४३ मध्येच पाणबुडीने जर्मनी सोडून पूर्वेकडे निघाले होते. पदक कसंही असो, गोष्ट चुकीची आहे आणि किंमत त्या गोष्टीचीच लावलेली असते.

मग तपासायचं कसं?

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण शिक्क्यापासून सुरुवात करतात. जाणकार शिक्का शेवटी पाहतात.

१. आधी बनावट पाहा. पहिल्या श्रेणीचा चांगला आयर्न क्रॉस साधारणपणे एका तुकड्याचा नसतो. मधला काळा भाग वेगळा आणि त्याभोवतीची चंदेरी चौकट वेगळी, ती सोल्डरिंग करून जोडलेली असते. सगळं एकाच तुकड्यात ओतलेलं आणि वरून काळा रंग दिलेला असेल, तर पुढे जायची गरज नाही.

२. चुंबक लावा, पण त्यावर थांबू नका. आयर्न क्रॉसचा मधला भाग बहुतेकदा लोखंडाचा असतो, त्यामुळे चुंबक चिकटतो. मात्र काही अस्सल क्रॉस बिगरलोखंडी धातूचेही होते आणि नकली क्रॉसमध्ये लोखंड घालणं अवघड नाही. जखमी सैनिकांचे बॅज, पाणबुडीचे बॅज यांची गोष्ट पुन्हा वेगळी.

३. धातू आणि काळ जुळतो का? युद्धाच्या सुरुवातीला बरेच बॅज तांब्याचं प्रमाण जास्त असलेल्या पितळाचे किंवा जर्मन सिल्व्हरचे होते. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. १९४२ च्या सुमारास चांगल्या धातूंची टंचाई वाढली आणि जस्ताचा वापर सर्रास झाला. जस्तावरचा मुलामा टिकत नाही, त्यामुळे असे बॅज आज करडे आणि निस्तेज दिसतात. जस्ताचा बॅज सोन्यासारखा चकचकीत असेल, तर शंका घ्यायला हवी.

४. मोजा आणि वजन करा. सराफाकडचा छोटा डिजिटल काटा आणि व्हर्नियर कॅलिपर पुरेसा. त्याच कंपनीच्या खात्रीच्या बॅजची मापं संग्राहकांच्या पुस्तकांत दिलेली असतात. त्यापेक्षा बॅज लहान भरला, तर ओतीव नकलेचा संशय बळावतो.

५. आता शिक्का पाहा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. पंच ठोकला की धातू दाबला जातो आणि अक्षराच्या कडेला किंचित वर येतो. ती जागा बाकी पृष्ठभागाइतकीच जुनी दिसायला हवी. सगळीकडे काळपटपणा आणि फक्त अक्षरांच्या आत चकाकी असेल, तर शिक्का नंतरचा आहे. लेझरचा शिक्का सगळीकडे सारख्या खोलीचा, उथळ आणि कडेला भाजल्यासारखा दिसतो. त्यानंतर खात्रीच्या बॅजच्या फोटोशी अक्षराचं वळण, आकार आणि जागा ताडून पाहा. फक्त आकडा जुळून भागत नाही.

६. रिबन असेल तर यूव्ही लाइट. नोटा तपासायचा जांभळा दिवा चालतो. आजच्या कापडात आणि साबणात पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, ती या प्रकाशात निळसर चमकतात. युद्धाच्या काळातलं सुती किंवा रेशमी कापड सहसा तसं चमकत नाही. पण जुनी रिबन कुणी हल्लीच्या पावडरीने धुतली असेल, तर तीही चमकेल. आणि खऱ्या पदकाला नवी रिबन लावलेली असू शकते, हेही लक्षात ठेवा.

७. कागद मागा. पदक देतानाचं प्रमाणपत्र, सैनिकाचं नोंदपुस्तक, फोटो, पत्रं. 'माझ्याकडे कागद नाहीत, पण शिक्का बघा' हे उत्तर पुरेसं नाही.

सराफाकडे किंवा हॉलमार्किंग केंद्रात एक्स-रेवर चालणारं मशिन असतं. ते धातूचं प्रमाण सांगतं, पण मुख्यतः पृष्ठभागाचं. मुलामा असेल तर आकडे फसवे येतात. शिवाय धातू कोणता हे कळलं, तरी तो कधी घडवला हे त्यातून कळत नाही.

उलटी चूक: खरं पदक मोडीत

नकली बॅजला हजारो रुपये मोजणं ही एक चूक झाली. दुसरी चूक जास्त दुखरी आहे आणि ती भारतीय घरांत होऊ शकते.

पहिल्या महायुद्धात गेलेल्या भारतीय सैनिकांना 'ब्रिटिश वॉर मेडल' मिळालं. ३६ मिलिमीटर व्यासाचं हे पदक चांदीचं होतं. सातारा जिल्ह्यातल्या 'अपशिंगे मिलिटरी'सारख्या गावांतून पिढ्यानपिढ्या सैनिक गेले, तिथे अशी पदकं घराघरांत असणं स्वाभाविक आहे. सराफाच्या काट्यावर मात्र ते फक्त काही ग्रॅम चांदी भरतं. जगभरात अशी कित्येक पदकं चांदीच्या भावाने वितळवली गेली.

या पदकाचं मोल असतं त्याच्या कडेवर. तिथे सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. कारखान्याचा शिक्का नसला तरी ती कड वाचून एका माणसापर्यंत पोहोचता येतं.

सैनिकांबरोबर गेलेल्या मजूर तुकड्यांतल्या अनेकांना हेच पदक कांस्याचं मिळालं होतं. 'चांदी नाही, म्हणजे डुप्लिकेट' असं ऐकून कुणी ते फेकून दिलं, तर एक अस्सल आणि चांदीच्या पदकापेक्षा दुर्मीळ वस्तू गेली म्हणून समजा.

इथेही फसवणूक होते. कडेवरचं नाव कानसून काढतात आणि जास्त 'भाव' असलेलं नाव कोरतात. पण कानस लावली की व्यास कमी होतो. कॅलिपरवर ३६ मिलिमीटर सगळीकडे भरत नसेल किंवा कडेवर तिरके ओरखडे दिसत असतील, तर नाव बदललेलं असू शकतं.

नावामागची नोंद तपासायची सोयही आहे. शौर्यपदकं जाहीर होत ते 'लंडन गॅझेट' इंटरनेटवर मोफत पाहता येतं. १९४४ मध्ये इटलीत लढताना मरण पावलेले रायगडचे यशवंत घाडगे आणि १९४५ मध्ये तिथेच पराक्रम गाजवणारे अहमदनगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, या दोघांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची नोंद त्यात आहे. दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्यांची नावं 'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन'च्या वेबसाइटवर शोधता येतात.

विकताना-घेताना कायदा काय म्हणतो?

भारतात पुरावशेष आणि कलानिधी कायदा, १९७२ लागू आहे. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू किमान १०० वर्षं जुनी असेल, तर ती पुरावशेष ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातली पदकं आता या वयात पोहोचली आहेत. परदेशातला कुणी 'कुरिअरने पाठवा, जास्त पैसे देतो' म्हणाला, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी.

नाझी काळातल्या बॅजची आणखी एक बाजू आहे. जर्मनीत त्यांच्यावरचं स्वस्तिक सार्वजनिकरीत्या मिरवणं हा गुन्हा आहे. अभ्यास, संशोधन आणि संग्रहालयांसाठी अपवाद आहेत. आपल्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक आणि लाखो माणसांच्या हत्येशी जोडलेली ही खूण वेगळी आहे. अशा बॅजचा फोटो पोस्ट करताना ती वस्तू कुठून आली आणि कशाची आहे, हे लिहिणं गरजेचं आहे.

लक्षात काय ठेवायचं?

महाप्याच्या ज्वेलरी पार्कमधून उद्या बाहेर पडणाऱ्या दागिन्यावरचा कोड आणि जुन्या बॅजवरचा 'एल/५८' भिंगाखाली सारखेच दिसतील. दोन्ही बारीक, दोन्ही धातूत उमटवलेले. पण पहिल्यामागे आज चालू असलेली नोंद आहे, चूक निघाली तर जबाबदार धरता येईल असा दुकानदार आहे. दुसऱ्यामागे ऐंशी वर्षांपूर्वीची एक यादी आहे आणि ती कुणीही वाचू शकतो.

म्हणून जुन्या बॅजचा शिक्का हा फक्त एक दावा समजावा. बनावट, धातू, मापं, तारखा आणि कागद या सगळ्यांनी त्या दाव्याला दुजोरा दिला, तरच पैसे मोजावेत. आणि घरातल्या ट्रंकेत जुनं पदक सापडलं, तर ते लिंबू-चिंचेने घासून चकचकीत करू नका, सराफाच्या काट्यावरही आधी ठेवू नका. पहिल्यांदा त्याची कड वाचा. तिथे आपल्याच घरातल्या कुणाचं तरी नाव असू शकतं.